चौसष्टावा नियम

शनिवारी सकाळी सुनेचा फोन आला आणि वेंदेल होर्न्याक यांची कॉफी गार झाली.

"उद्या आम्ही जेवायला येतोय, बाबा," सून म्हणाली. "पण अळंबी करणार असाल तर आधी मंडईत तपासून आणा. चिठ्ठी नसेल तर मी मुलींना खाऊ देणार नाही."

वेंदेल यांनी फोन हळूच खाली ठेवला. मंडईतली ती चिठ्ठी एकतीस वर्षं त्यांनीच दिली होती. बुक्कच्या डोंगरात टोपली घेऊन गेलेला माणूस उतरला की त्यांच्या खिडकीसमोर उभा राही. अळंबी खाण्याजोगी असली तर चिठ्ठीवर निळा शिक्का, नसली तर कुलपाचा पत्र्याचा डबा. टोपलीत एक जरी जहरी निघाली तरी सगळी टोपली त्या डब्यात जाई. मार्चमध्ये ते निवृत्त झाले तेव्हा नगरपालिकेने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि खिडकीत त्यांच्या जागी एक यंत्र आणून ठेवलं.

"मी? माझी अळंबी कुणाकडून तपासून आणू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नोएमीकडून. तुमचीच शिष्या ना ती?" एतेल्का शेगडीवरून मान न वळवता म्हणाली. "आणा की. पाय मोकळे होतील."

"नोएमीचं काही नाही गं. ती त्या यंत्राला विचारून शिक्का मारते."

"मग यंत्रही तुमचंच शिष्य."

हे खोटं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात बुडापेस्टहून लोरांत नावाचा एक इंजिनिअर आला होता आणि सहा आठवडे त्यांच्यासमोर वही उघडून बसला होता. जाणकार माणूस डोक्यात जे ठरवतो ते 'असं असेल तर तसं' अशा नियमांत मांडायचं, असं त्याने समजावलं. मग यंत्र प्रश्न विचारतं, उत्तरं नियमांना लावून पाहतं आणि निकाल देतं. असंच यंत्र डॉक्टर रक्तातला आजार ओळखायला वापरतात, खाणवाले कुठे खणायचं ते ठरवायला, कारखानदार बिघाड शोधायला.

"आणि ज्याचं डोकं घेतलं त्याचं काय?" वेंदेल यांनी विचारलं होतं.

"तो निर्धास्त निवृत्त होऊ शकतो," लोरांत अगदी मनापासून म्हणाला.

अडचण एवढीच होती की आपल्याला कशावरून कळतं, हे वेंदेल यांनाच ठाऊक नव्हतं. "ही विषारी कशावरून?" लोरांत विचारी. "दिसतंय की." "काय दिसतंय?" आणि काय दिसतंय ते शब्दांत सापडेपर्यंत दुपार होई. संध्याकाळपर्यंत ते चिडून जे तोंडाला येईल ते सांगत, आणि लोरांत तेही लिहून घेई. असे दोनशे बारा नियम झाले.

दहाच्या सुमारास वेंदेल आपली टोपली घेऊन खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहिले. टोपलीत काल गोळा केलेली हिरवट टोपीची, 'पारवा' नावाची खाण्याजोगी अळंबी होती. नोएमी त्यांना पाहून उठून उभी राहिली.

"काका, तुम्ही रांगेत कशाला?"

"सगळे उभे आहेत म्हणून. चालव तुझं यंत्र."

नोएमीने एक अळंबी हातात घेतली आणि पडद्यावरचे हिरव्या अक्षरांतले प्रश्न वाचून उत्तरं टाकू लागली. टोपीचा रंग? हिरवट. खालच्या पात्या? पांढऱ्या. देठाचा तळ शाबूत आहे का? इथे ती थांबली.

"काका, देठ वरून कापलेत तुम्ही."

"गुडघे दुखतात. सुरी लांबून चालवली."

"पण जहरीच्या तळाशी पिशवी असते, ती पाहायला देठ मुळासकट काढायचा, असं तुम्हीच..."

"नोएमी, हे दुसऱ्यांसाठी. मी काढताना बघून काढतो."

तिने 'नाही' टाकलं. पडद्यावर पुढचा प्रश्न आला. तो वाचून ती जरा लाल झाली. "आणणारा माणूस किती वर्षं अळंबी गोळा करतोय, असं विचारतंय. मी 'नवखा' लिहू का?"

"खोटं कशाला? चव्वेचाळीस वर्षं. लिही."

"काका, माझं ऐका, नवखा लिहू द्या."

"चव्वेचाळीस," वेंदेल सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

यंत्राने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला: संपूर्ण टोपली नष्ट करावी.

वेंदेल यांच्या मागे फ्युझेशीबाई होत्या. त्यांच्या तीन टोपल्या वेंदेल यांनी आजवर डब्यात टाकल्या होत्या. त्या एक पाऊल पुढे आल्या.

"कारण विचार त्याला," वेंदेल म्हणाले. "कारण सांगतं ना ते?"

नोएमीने नाइलाजाने कळ दाबली. पडद्यावर ओळी उमटल्या, आणि फ्युझेशीबाईंनी त्या चष्मा लावून मोठ्याने वाचल्या. "नियम चौसष्ट. देठाचा तळ कापलेला असेल, आणि आणणारा तीस वर्षांहून जास्त अनुभव सांगत असेल, तर पुढे बघत बसू नये. टोपली टाकावी. असे लोकच दवाखान्यात जातात. माहिती देणारे, वें. होर्न्याक."

कुणी हसलं नाही. वेंदेल यांना ती संध्याकाळ आठवली. एका जुन्या रेल्वेवाल्याची गोष्ट त्यांनी लोरांतला सांगितली होती. तो चाळीस वर्षांचा अनुभव सांगत हुज्जत घालून टोपली घरी घेऊन गेला, आणि तिसऱ्या दिवशी त्याची बायको गेली.

"तो नियम बाकीच्यांसाठी होता," ते म्हणाले.

"बाकीचे म्हणजे आम्हीच ना?" फ्युझेशीबाई म्हणाल्या.

"थांबा. दाखवतो." त्यांनी टोपली खिडकीच्या फळीवर ओतली. "पारव्याचा देठ खडूसारखा तुटतो. जहरीचा तुटत नाही. लहान पोरालाही कळेल. ऐका."

त्यांनी पहिली उचलून देठ मोडला. कट् असा आवाज झाला. दुसरी, कट्. तिसरी, चौथी. प्रत्येक आवाजाबरोबर त्यांची मान थोडी वर होत होती. पाचवी, सहावी.

सातवीचा देठ तुटला नाही. तो वाकला, आणि त्याचे धागे बोटांत राहिले.

वेंदेल यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग उजेडाकडे धरली. मग पुन्हा जवळ आणली. देठावर फाटलेल्या कड्याची खूण होती, जहरीच्या देठावर असते तशी; पूर्वी ती त्यांना दहा पावलांवरून दिसली असती. ही एक अळंबी दोन्ही नातींना पुरली असती.

फ्युझेशीबाईंनाही दिसलं. त्या एक पाऊल मागे सरकल्या.

वेंदेल यांनी स्वतः सगळी टोपली डब्यात ओतली, नोएमीकडून कुलूप लावून घेतलं आणि नोंदवहीत सही केली. नोएमी हळू आवाजात म्हणाली, "यंत्राने नाही ओळखली ती, काका. तुम्हीच ओळखलीत."

"हो. यंत्राने मला ओळखलं," वेंदेल म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवून निघाले.

घरी येऊन त्यांनी रिकामी टोपली दाराशी ठेवली आणि एतेल्काला सगळं सांगितलं, काहीही न गाळता. मग तिने शेगडी बंद केली आणि त्यांच्यासमोर बसली.

"एक सांगते, रागावू नका. जुलैपासून मी तुमची अळंबी शिजवलेलीच नाही."

"मग आपण खातोय ते काय?"

"मंडईतली. ती पांढरी, तळघरात वाढवतात ती. बारीक चिरून मलईत घातली की दिसत नाहीत."

"आणि माझी?"

"बागेत खड्डा केलाय."

वेंदेल यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मागच्या रविवारी मी म्हणालो, या सुपाला ओकच्या रानाचा वास येतोय."

"हो. मी मान डोलावली."

"तुला कसं कळलं? माझ्या डोळ्यांचं."

"तुमचा डावा गाल रोज अर्धाच घोटलेला असतो."

त्यांनी गालावर हात फिरवून पाहिला. ती म्हणत होती ते खरं होतं. "सांगितलं का नाहीस?"

"मार्चमध्ये तुमची खिडकी गेली. त्याच वर्षी डोळेही गेले हे कोणत्या तोंडाने सांगू? आज सुनेने फोन केला तो मीच करायला लावला होता."

बाहेर मंडईची घंटा झाली. एतेल्काने उठून दोन वाट्यांत सूप वाढलं. वेंदेल यांनी चमचा हातात घेतला, सुपात पाहिलं, आणि काय दिसतंय ते न बोलता एक घोट घेतला.

"सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ," ते म्हणाले.

"जाऊ."

त्यांनी दुसरा घोट घेतला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या गोष्टीची पक्की खात्री होती.

एतेल्काने चव पाहिली आणि मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.