कोडचा रिकामा रकाना

बोईसरच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी स्टोअरकीपर होतो. डोळे बांधा, हातात बोल्ट द्या, कोड सांगतो! त्यामुळे पालघरच्या दवाखान्यात फॉर्मवर आजाराच्या कोडचा रकाना रिकामा दिसला, तेव्हा मला हसूच आलं.

फॉर्म माझ्या बायकोचा, रत्नाचा. त्याच्या वर्षभर आधी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. हातपाय सुधारले, पण बोलण्यात एकच शब्द उरला: "नाय." चहा नको असला तरी नाय, हवा असला तरी नाय, आणि कप पुढे ओढणार. त्या फॉर्मवर तिला पुन्हा बोलायला शिकवणारे वर्ग मंजूर व्हायचे होते आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. कोड लिहिणारी मोनाली जेवायला गेलेली. तिच्या टेबलावर कोडची यादी होती. मी 'मेंदूतला रक्तस्राव' शोधला, खिशातलं पेन काढलं आणि नंबर ठोकून दिला.

फॉर्म पाहून नर्सचा चेहराच बदलला. तिने रत्नाला विचारलं, "काकी, डोकं दुखतंय?"

"नाय."

मी मदतीला धावलो. "सिस्टर, तिच्या नायवर जाऊ नका. ती होकारालाही नायच म्हणते."

दोन मिनिटांत रत्ना ट्रॉलीवर! उलटी होतेय का, चक्कर येतेय का, सगळ्याला ती जीव तोडून नाय म्हणत होती, आणि ती जितकं म्हणेल तितकी ट्रॉली जोरात पळत होती. मागे मी, हातात तिच्या चपला.

स्कॅनच्या दारात मोनालीने गाठलं. "काका, हा कोड आत्ता रक्तस्राव होत असल्याचा. जुन्या रक्तस्रावाने वाचा गेली, त्याचा कोड वेगळा."

"वेगळा कसा? स्टोअरमध्ये बोल्ट नवा असो की गंजलेला, नंबर तोच."

"काकी बोल्ट नाहीत," ती म्हणाली आणि कोड बदलला. वर्ग मंजूर झाले.

बाहेर आल्यावर मी भीत भीत विचारलं, "रागावलीस?"

"नाय," म्हणत रत्नाने माझ्या खिशातलं पेन काढलं, आपल्या पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. हा नाय मात्र मला लगेच कळला.

ती गेल्याला येत्या चैत्रात दोन वर्षं होतील. पेन अजून त्याच पर्समध्ये आहे, तिच्या नावावर इश्यू झालेलं. बँकेत फॉर्म भरताना मी शेजारच्याकडे पेन मागतो.