अण्णा गवंडी आणि सोसायटीच्या पायऱ्या

कुठलंही दुकान असो, काशिनाथअण्णा गवंडी आधी पायऱ्यांपाशी उकिडवे बसत आणि वितीनं उंची मोजत. मग मालकाला विचारत, "दुकान हाय का नळदुर्गाचा किल्ला?" नवखा मालक गोंधळायचा, जुना गुमान चहा सांगायचा.

बेंबळीजवळच्या आमच्या गावी सहकारी सोसायटीच्या दुकानात मी कापड विकायचो. तिथल्या पाच उंच, घडीव पायऱ्या खुद्द अण्णांनीच बांधलेल्या. तेव्हा मिशीवर ताव देत फिरले होते. पुढं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना त्यांच्या बायकोच्या, भागाबाईंच्या अंगावर दरड कोसळली. जीव वाचला, पाय गेले. अण्णांनी फळीला बेअरिंगची चाकं लावून त्यांना गाडी करून दिली. ती गावभर फिरली आणि आमच्या पायऱ्यांशी अडली.

सोसायटीच्या सभेत अण्णा उठले. "दुकान समद्यांचं म्हणता, तर वाट बी समद्यांची पायजे. उतार करा. म्या फुकट बांधतो."

चेअरमन म्हणाले, "एका बाईसाठी पायऱ्या फोडायच्या व्हय?"

"नुसती बाई न्हाय, सभासद हाय ती."

मलाही अण्णांचा वैताग आला होता. म्हटलं, "अण्णा, लुगडी घरी पाठवतो की."

"बापू, तुमची मंडळी घरात बसूनच लुगडं घेती का?"

अण्णांचं म्हणणं कुणी मान्य केलं नाही.

दुकानाच्या पुढच्या सुट्टीला अण्णांनी पायऱ्यांची निम्मी बाजू फोडली आणि त्याच दगडांचा उतार घातला. चेअरमन धावत आले. "अहो, स्वतःचंच काम फोडलंत?"

"चुकलं हुतं, दुरुस्त केलं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी वर आली. भागाबाईंनी मला एकूण एक लुगडं उलगडायला लावलं. ह्याचा काठ बारीक, त्याचा रंग विटका, तिसऱ्याचं सूत जाड. शेवटी पदर सावरत म्हणाल्या, "न्हाय बाई, एक बी धड न्हाय. चला वो." एरवी अशा गिऱ्हाइकाला मी मनातल्या मनात शिव्या घालायचो.

गाडी खाली सोडून अण्णा एकटेच परत आले. मला वाटलं, उगाच त्रास दिला म्हणून माफी मागतील. पण त्यांचे डोळे भरले होते.

"बगितलंत का बापू? पाय गेल्यापासनं म्या आणंल ते निमूट नेसायची. आज नाक मुरडलं तिनं!"