सायन्स की इतर

आमच्या ऋताच्या मेडिकलच्या अर्जात मी हात घालायला नको होता, हे आता नेदरलँड्समधल्या या नायमेखन गावातल्या बहुतेक मराठी घरांना माहीत आहे. तुम्ही तेवढे राहिला होतात, म्हणून सांगतो.

ऋता आमची एकुलती एक. इथल्या मेडिकलच्या निवडीत ती दोनदा हुकली. मग तिने अशा कॉलेजात पदवी घेतली, जिथे जीवशास्त्राच्या जोडीला नाट्यही शिकता येतं आणि त्यावरून कोणी रागवत नाही. आता पदवीधरांसाठी असतात त्या मोजक्या जागांतली एक, एवढीच आशा उरली होती. अर्जात प्रत्येक विषयापुढे ‘सायन्स’ किंवा ‘इतर’ असं लिहायचं, आणि सायन्सच्या विषयांची सरासरी दहापैकी निदान आठ हवी. (इथले प्राध्यापक आठ मार्क देताना घरची चांदी काढून दिल्यासारखा चेहरा करतात.)

रविवारी सकाळी ती सुपरमार्केटातल्या कामावर निघाली. “बाबा, लॅपटॉप बंद करू नकोस, मी आल्यावर भरते.” पोरगी दमून येणार, तेवढं आपण उरकून ठेवू, असा मी विचार केला. इथेच सगळं बिघडलं.

मी पडलो दहावीनंतर हुशार मुलांनी सायन्सला जायचं या काळातला. ‘इतर’ हा शब्द आमच्या घरात दबक्या आवाजात उच्चारत. त्यामुळे मी सढळ हाताने सायन्स वाटत सुटलो. ‘विज्ञानाचं तत्त्वज्ञान’, नावातच विज्ञान आहे, सायन्स. ‘हवामान बदल आणि समाज’, हवामान आहे ना, सायन्स. सरासरी सातावर घसरली तेव्हा लक्षात आलं की या थोर विषयांत ऋताला सहा-सहा मिळालेत. एकेक विषय परत ‘इतर’मध्ये ढकलला, तरी आठाला थोडं कमीच पडत होतं.

माझी बायको उल्का समोर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “पोषणशास्त्र सायन्समध्ये घाल. नऊ आहेत तिला.”

“ते स्वयंपाकघरातलं गं.”

आता इथे थोडा खुलासा करायला हवा. उल्का नाशिकची होम सायन्सची पदवीधर आहे, फर्स्ट क्लास. आणि “होम दिसतंय, सायन्स कुठंय?” हा माझा विनोद लग्नापासून चालू आहे. पोषणशास्त्र सायन्स मानलं, तर त्या विनोदाचं काय करायचं? (माणसाकडे चालणारे विनोद असतात किती?)

तेवढ्यात मला ‘सेमीकंडक्टर तंत्रज्ञानाची ओळख’ दिसलं. नऊ मार्क! माझं स्वतःचं क्षेत्र, मी त्यातलाच इंजिनियर. मीच तिला तो विषय घ्यायला लावला होता, व्हिडिओ कॉलवर शिकवलाही होता. केलं सायन्स. सरासरी आठाच्या वर गेली. आणि शुभस्य शीघ्रम् म्हणून अर्ज पाठवूनही दिला.

ऋता आली, तिने स्क्रीन पाहिली आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. “बाबा, तू सबमिट केलंस? रूल्स वाचलेस?”

“रूल्स काय वाचायचे? सायन्स म्हणजे सायन्स.”

“बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स. अर्ध्याहून जास्त कंटेंट त्यातलं हवं. आणि इंजिनियरिंग इज अदर. पहिल्याच पानावर आहे.”

“पण चिप फिजिक्सवरच चालते.”

“मायक्रोवेव्हही चालतो,” उल्का म्हणाली. “अहो, काय करून बसलात?” एरवी ती मला अरे-तुरे करते. ‘अहो’ आलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

मेडिकल कॉलेजने तो विषय खोडला की सरासरी आठाखाली, आणि अर्ज बाद. ऋता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जिन्यावर बसली आणि म्हणाली, “माझं एवढंच राहिलं होतं रे, बाबा.” मला जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसातून मीच प्रवेश विभागाला फोन लावला.

“आपण अर्जदार आहात का?” बाईंनी विचारलं.

“वडील.”

“अर्जदार सज्ञान आहे?”

“तेवीस वर्षांची आहे.”

“मग मी आपल्याशी बोलू शकत नाही. आपला दिवस छान जावो.”

माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी माझे वडील माझ्याआधी रांगेत उभे होते, आणि इथे मला बाप म्हणून तोंड उघडायची सोय नाही. शेवटी ऋताने फोन करून सेमीकंडक्टरच्या जागी पोषणशास्त्र चालेल का, ते विचारलं. आज दुपारी बारापर्यंत दुरुस्ती चालेल, पण पोषणशास्त्र सायन्स कसं, ते पानभर लिहून द्या, असं उत्तर मिळालं.

मी सुट्टी टाकून घरी पळालो. उल्काने अभ्यासक्रम समोर ओढला. “एन्झाइम्स, चयापचय, जीवनसत्त्वं. सगळी बायोकेमिस्ट्री आहे ही. हेच घासलंय मी कॉलेजात.” ती सांगत गेली, ऋता टाइप करत गेली. इतक्या वर्षांत मी तिला हे शब्द उच्चारताना ऐकलं नव्हतं. (विचारलं कधी होतं म्हणा.) मला लाज वाटली, आणि मी चहा टाकायला उठलो.

“साखर किती घालू?”

“अर्ध्याहून कमी,” उल्का म्हणाली.

शेवटी दुरुस्तीचं कारण लिहायचं होतं. ऋताने क्षणभरही विचार न करता एक ओळ टाइप केली. मी मागून वाचली : ‘अर्ज वडिलांनी भरला. ते इंजिनियर आहेत.’

“अगं, जरा सविस्तर लिही,” मी काकुळतीला येऊन म्हणालो. “एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

तिने तसंच पाठवलं. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. पोषणशास्त्र मान्य, सरासरी आठाच्या वर, अर्ज पुढे गेला. ऋता आईच्या गळ्यात पडली, आणि मी डोळे पुसत मेलची शेवटची ओळ वाचली :

‘दिलेलं कारण पुरेसं आहे. अधिक पुराव्याची गरज नाही.’