सलामीचं मशीन

माहितीपत्रक, पान एक: प्रत्येक कपड्याला चोरविरोधी गोटी लावा. गिऱ्हाइकाने पैसे दिल्यावर ती सोबतच्या चुंबकाने काढा. न काढता कपडा दाराबाहेर गेल्यास यंत्र वाजेल.

पहिलं वाक्य राधाकृष्ण यांनी तंतोतंत पाळलं. वसमतच्या आपल्या कापड दुकानात रविवारभर बसून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी प्रेमाकाकूंनी साडेतीनशे कपड्यांना प्लॅस्टिकच्या पांढऱ्या गोट्या टोचल्या. दारात दोन उंच खांब उभे केले. दुसऱ्या वाक्याशी आले तेव्हा कळलं, खोक्यात चुंबकच नाही.

"शुक्रवारी कुरिअरनं येईल," नांदेडचा विक्रेता फोनवर म्हणाला.

त्या दिवशी सोमवार होता. २००६ सालच्या एप्रिलातला, ऐन लग्नसराईतला.

"आपल्याकडं चोरी तरी कधी झाली हो?" प्रेमाकाकूंनी विचारलं.

"मागच्या दिवाळीत टॉवेल गेला होता."

"तो मी घरी नेला. तुम्ही रोज त्यानंच तर अंग पुसता."

तेवढ्यात जिवनबाई आल्या. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरच्या. बुधवारी त्यांच्या लेकीचं, शितलचं लग्न होतं. सोबत जाऊ रुक्माबाई. दोन तासांत बावीस साड्या आणि अकरा शर्ट निघाले. एवढं मोठं गिऱ्हाईक दुकानाने पाहिलं नव्हतं, आणि जिवनबाई जिथे घेतील तिथेच सगळा तांडा घ्यायचा. गोट्यांचं कसं सांगावं याची राधाकृष्ण जुळवाजुळव करत होते, खांबांचं बटण बंद करायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं, इतक्यात जिवनबाईंनी गठुडं उचललं, उंबरा ओलांडला आणि

टिंव टिंव टिंव टिंव

हातगाड्या थांबल्या. समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, मागून त्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक.

"चोर घावला का?" अर्ध्या दाढीने विचारलं.

जिवनबाईंनी गठुडं खाली ठेवलं. "शेठ, पैसे बराबर घेतले ना? मंग हे काहून बोंबलून राहिलं? आमाला चोर म्हनून राहिलं का?"

राधाकृष्ण यांच्या तोंडून जे निघालं, ते त्यांनाही नवीनच होतं.

"छे छे, जिवनबाई! सलामी हाय ती. मानाचं गिऱ्हाईक निघालं की मशीन सलामी देतं."

जिवनबाईंनी खांबांकडे पाहिलं. मग जावेकडे. "रुक्मा, तू जाय बरं."

रुक्माबाईंनी काहीच घेतलं नव्हतं. त्या गेल्या. मशीन गप्प. परत आल्या. गप्पच.

"व्हय की!" जिवनबाई म्हणाल्या.

रुक्माबाई तरातरा आत शिरल्या, हाताला लागली ती मोरपंखी साडी घेतली, खांद्यावर टाकली आणि खांबांमधून चार वेळा गेल्या. चारही वेळा सलामी झाली. अर्ध्या दाढीनेही एक टोपी घेतली.

"अन् ह्या गोट्या काडून द्या की," जिवनबाई म्हणाल्या.

"काढल्या तर वाजत न्हाई!"

चुंबकाचाही प्रश्न मिटला. राधाकृष्ण सुखावले. फार थोडा वेळ.

"मंग बुधवारी मशीन मांडवात आना. पावन्यांना सलामी नको?"

माहितीपत्रक, पान चार: यंत्र जागेवरून हलवू नये.

बुधवारी यंत्र राधाकृष्ण यांच्यासह, जीपच्या टपावर बसून तांड्यावर पोचलं. मांडवाच्या दारात उभं राहिलं, जनरेटरला जोडलं गेलं. खांबांशी काठी घेऊन थावरा बसले, तांड्यातले सगळ्यात म्हातारे. मशीन वाजलं की ते "या" म्हणत. नाही वाजलं की "थांबा, कोनाचे तुमी?" बायका पदराची गोटी मुद्दाम पुढे धरून येत होत्या. पोरींनी तर त्या टिंवटिंवीवर फेर धरला.

मग वरात आली. नवरदेवाचे वडील उत्तमसिंग सगळ्यांत पुढे, अंगात हट्टा गावच्या शिंप्याने शिवलेला कडक सदरा. ते ऐटीत खांबांमध्ये आले.

मशीन गप्प. जनरेटर तेवढा बोलत होता.

"तांड्यातल्या बायांना सलामी," उत्तमसिंग म्हणाले, "अन् याह्याला, नवरदेवाच्या बापाला न्हाई? जीप फिरवा रे!"

जिवनबाई वळल्या. "शेठ," एवढंच म्हणाल्या.

त्या एका शब्दात शितलचं लग्न होतं आणि पुढच्या दहा वर्षांची दुकानदारी. राधाकृष्ण यांच्या अंगात दुकानातलाच कोरा शर्ट होता, अर्थातच गोटीसकट. त्यांनी भराभरा बटणं सोडली.

"याहीबुवा, तुमचा आहेर राहिला होता! हा घातल्याबिगर सलामी होत न्हाई."

घामेजलेला शर्ट उत्तमसिंगांच्या सदऱ्यावर चढला. पोटावर बटण लागेना, पण त्यांनी पाऊल टाकलं आणि

टिंव टिंव टिंव टिंव टिंव टिंव

ते खांबांमध्येच थांबले. हात जोडून, मान तुकवून त्यांनी ती सलामी चांगली दोन मिनिटं घेतली. तेवढी लांब सलामी दुसऱ्या कोणालाच मिळाली नाही. जिवनबाई हसल्या, वाजंत्री सुरू झाली, सगळी वरात आत लोटली.

बाहेर राधाकृष्ण राहिले, बनियनवर. आतून गोड जेवणाचा वास येत होता. त्यांनी घाम पुसला आणि खांबांमधून पाऊल टाकलं.

थावरांनी काठी आडवी धरली. "थांब. कोन तू?"

"आजोबा, मी या मशीनचा मालक."

थावरांनी त्यांना बनियनपासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"मालक आसता तर वाजलं आसतं की."