मऊपणा : पाच स्टार

राहात्याजवळच्या कृतार्थ वृद्धनिवासात रतनबाईंना भाकरी चावत नाही, ही बाब सोमवारी सकाळी व्यवस्थापनाच्या निदर्शनास आली. ती रतनबाईंनीच आणून दिली.

"आप्पासाहेब, मला दात न्हाईत. भाकरी दुधात कुस्करून द्या, न्हाईतर मऊ भात तरी. चार दिस झाले, चहात बिस्कूट बुडवून काढतेय मी."

व्यवस्थापक आप्पासाहेब कळवळले. "आजी, असं तोंडी सांगून कसं चालेल? आता आपल्याकडं निवासी अभिप्राय प्रणाली सुरू झालीय. तुम्ही म्हणाल तोच स्वयंपाक!"

प्रणालीत निवाशांचा अभिप्राय मोबाईलवर घ्यायचा होता. निवाशांकडे मोबाईल नव्हते. म्हणून प्रवेश अर्जावर जो नंबर होता, त्यावर फॉर्म गेला. रतनबाईंचा फॉर्म पुण्यात त्यांच्या मुलाला, आदिनाथला मिळाला. सिग्नलला गाडी थांबली होती तेवढ्यात त्यानं तो आईच्या नावानं भरून टाकला. चव : पाच स्टार. मऊपणा : पाच स्टार. सूचना : 'मला भाकरी कडक लागते.'

खोटं नव्हतं ते. बारा वर्षांपूर्वी तो आईच्या पंगतीला शेवटचा बसला, तेव्हा ती कडकच खायची.

सूचनेची तातडीनं अंमलबजावणी झाली. भाकरी टिचकी मारल्यावर वाजेपर्यंत भाजण्यात येऊ लागली.

"अवो, ही तर कौलं हायेत!" रतनबाई म्हणाल्या.

"आजी, तुम्हीच लिहिलंय." आप्पासाहेबांनी छापील कागद पुढं केला.

"मी? मला सही बी येत न्हाई."

"म्हणून तर प्रणाली आणली!"

रतनबाईंनी ऑफिसातून मुलाला फोन लावायला लावला. आदिनाथ वैतागला. "अगं आई, मी पाच स्टार दिलेत. आता तू कुरकुर केलीस तर मी खोटा पडतो ना!"

रतनबाईंनी रिसीव्हर खाली ठेवला. लेक खोटा पडायला नको.

दोन महिन्यांत त्यांचं वजन सहा किलोनं उतरलं. अहवालात नोंद झाली : 'वजन नियंत्रणात लक्षणीय यश.' एवढ्या समाधानी निवाशांची संस्था दुर्लक्षित कशी राहील? नगरला समारंभ झाला. 'सर्वाधिक समाधानी निवासी' हा मान रतनबाईंना मिळाला. त्यांना कॉटवरून उठवेना, म्हणून आईच्या वतीनं शाल आदिनाथनंच अंगावर घेतली. नंतरच्या जेवणात पुरी गार आली, ती त्यानं वाढप्याला झापून बदलून घेतली.

आता आदिनाथला चार शिव्या देऊन मोकळे होऊ नका. तुमच्या आईला काल काय जेवण गेलं, तेवढं सांगा. छे, फोन लावू नका. ती 'लई चांगलं हुतं' असंच म्हणणार, आणि तुम्ही ते खरं धरून निवांत जेवायला बसणार.