देवरेकाकांचे आगाऊ फॅक्स

पाणी जायच्या आधीच देवरेकाका पाणी गेल्याची तक्रार करून ठेवतात.

म्हणजे लिहितात माघात आणि पोचते वैशाखात. नेटवर फॅक्सची एक सोय आहे. आज मजकूर टाकायचा, तारीख-वेळ नेमायची, की फॅक्स त्या वेळी आपोआप जातो. नाशिकच्या आमच्या कॉलनीत ही सोय वापरणारा मनुष्यप्राणी एकच, माझे हे शेजारी. काकांचं आयुष्य मनमाडला रेल्वेत गेलं, त्यामुळे फॅक्स म्हणजे त्यांच्या लेखी गाडी. "यार्डात लावून ठेवलीय. टाइम झाला की सुटेल!" व्हॉट्सअॅपला ते खिजगणतीत धरत नाहीत. "कागद शे त काम शे," म्हणजे कागद आहे तर काम आहे, हे त्यांचं नामपूरकडचं ब्रह्मवाक्य. कागदाला आता कुणी विचारत नाही, हे त्यांना सांगायचं कुणी?

यंदा वैशाखात 'कालपासून नळाला थेंब नाही' हा फॅक्स ठरल्याप्रमाणे सुटला. नेमका त्याच दिवशी पाण्याला असा जोर, की टाक्या भरून जिन्यावरून ओहोळ वाहू लागले. चौकशीला आलेला महापालिकेचा माणूस चपला हातात घेऊन वर चढला.

"काका, हे काय?"

"फॅक्स राइट टाइम आला की नाही? पाणी जायला लेट झालं, त्याला मी काय करू?"

साडू अत्यवस्थ असताना काकांनी दुखवट्याचा फॅक्सही असाच लावून ठेवला होता. साडू खडखडीत बरे झाले, पण फॅक्स रद्द करायचा राहिला. तो नामपूरला त्यांच्या कांद्याच्या पेढीवर पोचला आणि साडूंनी तो स्वतःच वाचला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

मागच्या महिन्यात काकांची बायपास ठरली. "हिला दवाखान्यात बसवायचं नाही," हा त्यांचा हुकूम. काकूंना ऐकू जवळजवळ येत नाही, त्यामुळे घरी फोन करून उपयोग नव्हता. मुलगा दवाखान्यात थांबला आणि काकूंच्या सोबतीला मी. सकाळपासून त्यांनी तोंडात पाण्याचा घोटही घेतला नव्हता. दुपारपर्यंत आटोपेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दुपार टळली आणि मुलाचा मेसेज आला: 'अजून आतच आहेत. डॉक्टर काही बोलत नाहीत.'

तेवढ्यात कोपऱ्यातलं फॅक्स मशीन घरघरलं. कागद बाहेर आला.

'ऑपरेशन झालं. मी बरा आहे. आता तू जेवून घे. कोरडी भाकरी खाऊ नको.'

माणूस तिकडे बेशुद्ध आणि कागद म्हणतो बरा आहे! मला काकांचा रागही आला आणि रडूही. आता काकूंना खरं सांगायचं तरी कसं? मी फोन पालथा ठेवला.

काकूंनी कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग उठून त्यांनी ताट वाढून घेतलं.

"काकू, अहो..." मी मोठ्याने म्हणालो.

"माहितीये." भाकरी आमटीत कुस्करत त्या म्हणाल्या, "कालच लिहून ठेवलाय त्यांनी. लपूनलपून टाइप करत होते. कान गेलेत माझे, डोळे नाही गेले." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि त्या जेवत होत्या. "पण जेवायला तर पाहिजे. घरी आल्या आल्या पहिलं तेच विचारतील."