धोंडूची गणपूर्ती

घरात कुत्रा आला की माणसाच्या आयुष्याला शिस्त लागते, असं वासुदेव आपटे याचं ठाम मत होतं. धोंडू घरात आल्यावर शिस्त लागली, यात वाद नाही. फक्त ती धोंडूने लावली.

धोंडू बॉर्डर कॉली जातीचा. त्याच्या वाडवडिलांनी कुठल्याशा थंड डोंगरांवर मेंढ्या राखल्या होत्या. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागच्या रस्त्यावर, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मेंढ्या मिळणं कठीण, म्हणून धोंडूने आहे त्या मालावर भागवून घेतलं. हा माल म्हणजे वासुदेव आणि त्याची बायको स्मिता. एक जण हॉलमध्ये आणि दुसरा स्वयंपाकघरात, ही व्यवस्था धोंडूला मान्य नव्हती. तो गुडघ्यामागे नाक लावून दोघांना एका सोफ्यावर आणून बसवायचा आणि समोर पडून नजर रोखायचा. त्यामुळे गेल्या वर्षभरात आपटे पतिपत्नींचं एकही भांडण वेगवेगळ्या खोल्यांत संपलं नव्हतं. जागचा हलू नये या आशेने मुलीने, शाल्मलीने, त्याचं नाव धोंडू ठेवलं, आणि मग ती शिकायला पुण्याला निघून गेली.

खाली आवारात मात्र धोंडूच्या कामाची कोणाला कदर नव्हती. सायकलवरच्या पोरांना त्याने एकदा पार्किंगच्या कोपऱ्यात गोळा केलं, एकदा पाहुण्यांना. तक्रारी झाल्या. तक्रारी सोसायटीचे सेक्रेटरी दामोदर अण्णांकडे जात. अण्णा मूळचे बेळगावचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि नियमाला देवाच्या खालोखाल मानणारे.

"जात कुठली म्हणालासा?" त्यांनी वासुदेवला विचारलं होतं.

"बॉर्डर कॉली, अण्णा."

"कुठली बॉर्डर? आमच्या निपाणीकडची काय?"

"स्कॉटलंडची."

"मग तिकडंच बरं होतं की ते. इथं काय राखालंय?"

त्यानंतर सूचनाफलकावर सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. विषय पहिला: लिफ्टच्या दुरुस्तीस मंजुरी. विषय दुसरा: गुरे-मेंढरे राखणारी जनावरे संकुलातून हटवणे.

स्मिता नोटीस वाचून वर आली ती धापा टाकतच, कारण पहिल्या विषयातली लिफ्ट उन्हाळ्यापासून बंद होती.

"अरे, धोंडूला काढायला निघालेत! आणि तू शेंगा काय सोलतोयस?"

"सभा होणार नाही," वासुदेव म्हणाला. "कोरम लागतो."

हा युक्तिवाद भक्कम होता. या इमारतीत आजवर कुठल्याही सभेला गणपूर्ती झाली नव्हती. लिफ्ट बंद होती तीही त्यामुळेच. खालच्या मजल्यांना लिफ्टशी कर्तव्य नव्हतं आणि वरच्या मजल्यांची खात्री होती की सभेला बाकीचे जातील. गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने तीच सभा आहे तेवढ्या लोकांत उरकायची, अशी सोय इतर सोसायट्यांत असते. पण इथली नियमावली अण्णांनी स्वतः लिहिलेली असल्यामुळे ही पळवाट त्यांनी आधीच बुजवून टाकली होती.

रविवारी सकाळी वासुदेव निश्चिंत मनाने सभेला गेला. धोंडूला बरोबर न्यावं लागलं, कारण कुत्री फिरवायची रविवारची वेळ अण्णांनीच ठरवून दिली होती आणि सभाही त्यांनी त्याच वेळेला ठेवली होती. तळमजल्यावरच्या सभागृहात रिकाम्या खुर्च्यांसमोर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"या. सही करा. कुत्र्याला बाहेर ठेवा."

सहीच्या पेनाला दोरी होती आणि दोरी तोकडी होती. वासुदेवने पट्टा एका प्लास्टिकच्या खुर्चीला अडकवला आणि तो वाकला.

दारात उभ्या धोंडूने बाहेर पाहिलं. त्याला जे दिसलं ते कुठल्याही राखणदाराचं काळीज हलवणारं होतं. माणसं वाट्टेल तशी विखुरलेली. काही जण इमारतीला गोल फेऱ्या मारत होते. चार बायका भाजीच्या गाडीशी होत्या, दोघे गाडी धूत होते, गेटपाशी शहाळेवाल्याभोवती आणखी काही. कोणाचा कोणाला मेळ नाही. धोंडू निघाला. खुर्चीही निघाली. पायरीपर्यंत तिने साथ दिली, मग पट्टा सुटला.

तो भुंकला नाही, चावला नाही. पोट जमिनीला घासत लांबून वळसा घेऊन तो माणसांच्या मागे जायचा आणि नुसता बघायचा. पण त्या बघण्यात असं काही होतं की माणसं आपोआप एकेक पाऊल सरकू लागली. भाजी घेणाऱ्या बायका कोथिंबिरीसकट सरकल्या. गाडी धुणारे दोघे ओल्या फडक्यांसह आले. "सार, नाई! नाई बंतु!" असं कानडीत ओरडत वॉचमन मल्लाप्पा कुत्रा आल्याची वर्दी द्यायला सभागृहात शिरला आणि तिथेच राहिला. तिसऱ्या मजल्यावरची प्रियदर्शनी कानात इयरफोन घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. तिला आपण दुसऱ्या मीटिंगमध्ये आलोय हे खुर्चीवर बसेपर्यंत कळलं नाही. वासुदेव "धोंडू! धोंडू!" करत मागे धावत होता, म्हणून धोंडूने त्यालाही आणला. नवरा का ओरडतोय ते बघायला स्मिता सात मजले उतरली, आणि आयतीच सापडली.

अण्णांनी मान वर केली. सभागृह भरलं होतं. ते उभे राहिले, बोटाने मोजू लागले. एक पार्सलवाला मोजणीत आला होता. "हा सभासद नव्हे," म्हणून अण्णांनी त्याला बाहेर पाठवलं. धोंडूने त्याला परत आणलं. अण्णांनी पुन्हा मोजलं, आणि त्यांचा आवाज जरा बसला.

"गणपूर्ती झाली," ते म्हणाले.

वासुदेवने स्वतःही एकदा मोजून पाहिलं.

धोंडू दारात आडवा पडला. जो उठे त्याच्याकडे तो बघे, आणि तो बसे. अशा वातावरणात सभा फार सुरळीत चालते. लिफ्टची मंजुरी चहा यायच्या आत मिळाली. मग दुसरा विषय आला.

"काढा ते कुत्रं!" कोणीतरी मागून हिंदीत म्हणालं. "माझी गाडी अर्धी धुतलेली आहे!"

हात वर झाले. वासुदेव सोडून सगळ्यांचे. त्यात स्मिताचाही होता. लिफ्टसाठी वर केलेला हात तिने वेळेवर खाली घेतला नव्हता आणि अण्णांनी तो मोजला.

"अण्णा, माझा तो लिफ्टचा हात होता!"

"हातावर विषय लिहिलेला नसतो, वहिनी."

"मग लिफ्ट उद्या चालू ना?" प्रियदर्शनीने विचारलं.

"उद्या कशी?" अण्णांना धक्का बसला. "आजचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करायला नको? त्याशिवाय ठराव अमलात येत नाही. लिफ्टचा नाही, कुत्र्याचा नाही."

पुढची सभा महिन्याने होती. आदल्या शनिवारी आपट्यांची बेल वाजली. दारात अण्णा, सात मजले चढून घामाघूम. धोंडूने त्यांना सोफ्यावर नेऊन बसवलं. स्मिताने पाणी दिलं.

"वासुदेवराव," श्वास जागेवर आल्यावर अण्णा म्हणाले, "उद्या सभेला कुत्र्याला स्वल्प खाली आणा की."

"त्याला हाकलायचा ठराव कायम करायला त्यालाच आणू?"

"तसं म्हणू नका. लिफ्ट पण आहे त्यात. आणि कोरम कुणाकडनं होणार? मी घरोघरी फिरलो. सगळे म्हणतात येतो. असं ते दरवेळी म्हणतात."

"मग दोन विषय वेगळे करा. लिफ्टचा कायम करा, कुत्र्याचा सोडा."

"इतिवृत्त तोडून कायम करता येत नाही."

"बरं, कुत्र्याचा ठराव मागे घ्या."

अण्णा विचारात पडले. धोंडूने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली होती, आणि नकळत अण्णांचा हात त्याच्या कानामागे गेला होता.

"घेतो. मनापासून घेतो," ते म्हणाले. "पण मागं घ्यायचं तर सभेतच घ्यायला लागतंय. आणि सभेत आधी इतिवृत्त कायम, मग बाकीचं. इतिवृत्त कायम झालं की त्या क्षणी कुत्र्यानं आवाराबाहेर जायला पाहिजे. कुत्रं गेलं की माणसं गेली. माणसं गेली की कोरम गेला. मग मागं कुणासमोर घेऊ?"

वासुदेवला यात पळवाट सापडेना. नियमावली खरोखरच चांगली लिहिलेली होती.

"तुम्हीच ठरवा," अण्णा उठता उठता म्हणाले. धोंडूने बघितलं. अण्णा बसले. त्यांना आणखी एक चहा झाला, मग पोहे झाले, आणि शेवटी वासुदेवने धोंडूला बेडरूममध्ये कोंडलं तेव्हा ते घरी गेले.

रात्रीच्या जेवणात स्मिताने एकदा स्वतःचे गुडघे चोळले आणि एकदा धोंडूकडे पाहिलं. धोंडू दोघांवर आळीपाळीने नजर ठेवून होता.

"तो गेला तर शाल्मलीला काय सांगणार आपण?" एवढंच ती म्हणाली.

रविवारी सकाळी वासुदेवने आतून कडी लावली. खाली लोक फेऱ्या मारत होते, गाड्या धूत होते, शहाळी पीत होते. अण्णांनी सभागृहात तासभर वाट पाहिली आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब केली. ठराव कायम झाला नाही. धोंडू सोफ्यासमोर पाय पसरून झोपला होता.

लिफ्ट अजून बंद आहे. वासुदेव सातव्या मजल्यावर राहतो, आणि धोंडूला दिवसातून तीनदा खाली न्यावं लागतं.